गोष्ट लिहून झाली; चित्रं आत्ताच काढून घ्यावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी मुलांसाठी साधारण १,९०० शब्दांची एक गोष्ट लिहिली आहे. जत्रेत हरवलेलं करडू आणि त्याला शोधणारी सहा वर्षांची मुक्ता, अशी ती गोष्ट. वर्गात वाचून दाखवली तेव्हा मुलं रंगून गेली. त्यांची एक मैत्रीण छान चित्रं काढते आणि ती तयारही आहे. तेव्हा सगळी चित्रं करून घेऊन मगच प्रकाशकाकडे जावं का? एका प्रकाशकाने ५०० प्रतींसाठी ७५ हजार रुपये भरायला सांगितले आहेत, ते द्यावेत का? आणि कुणी गोष्ट उचलू नये म्हणून आधी कॉपीराइट काढून ठेवावा का? सोबत त्यांनी गोष्टीचा पहिला परिच्छेद आणि पुढचा सारांश दिला आहे.

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि खरी अडचण तिथे आहे: तुमची गोष्ट नेमकी कुठल्या प्रकारचं पुस्तक व्हायची आहे? ते ठरल्याशिवाय चित्रं किती लागतील, पानं किती होतील, कुठल्या प्रकाशकाकडे जायचं आणि खर्च किती, यातलं काहीच ठरत नाही. मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते आहे, त्यातही चित्रपुस्तकांचं, म्हणजे शब्द आणि चित्रं मिळून गोष्ट सांगतात अशा पुस्तकांचं, जास्त. हाती येणाऱ्या संहितांमध्ये कल्पना चांगली असलेल्या पुष्कळ असतात. त्या अडतात त्या बहुतेक एकाच ठिकाणी. लेखकाने सगळं शब्दांतच सांगून टाकलेलं असतं आणि चित्रकाराला तेच पुन्हा काढून दाखवण्यापलीकडे काम उरलेलं नसतं.

म्हणून पहिलं उत्तर असं, की चित्रं आत्ता काढून घेऊ नका. का, ते तुमच्याच परिच्छेदावरून दाखवते. तुम्ही लिहिलंय:

‘सकाळची कोवळी उन्हं अंगणात पसरली होती. लाल परकर-पोलकं घातलेली, दोन घट्ट वेण्या घातलेली सहा वर्षांची मुक्ता ओट्यावर बसून आपल्या काळ्याभोर करडाला, चिंगीला, शेवरीचा पाला भरवत होती. चिंगीच्या कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका होता. मुक्ता आज खूप आनंदात होती, कारण आज गावची जत्रा होती.’

लिहिलंय छानच. पण आता शेजारी चित्र आहे असं समजून वाचा. कोवळं ऊन चित्रात येणार. परकर-पोलकं, वेण्या, ओटा, काळं करडू, पाला, सगळं चित्रात येणार. मुक्ताचं वय तिच्याकडे बघून कळणार. ती आनंदात आहे हे चेहऱ्यावर दिसलं नाही, तर ‘खूप आनंदात’ असं लिहूनही फायदा नाही. मग शब्दांसाठी काय उरलं? आज जत्रा आहे, हे. करडाचं नाव चिंगी आहे, हे. आणि मुक्ता काय बोलते, ते. माझ्याकडे ही संहिता आली तर पहिल्या पानावर मी एवढंच ठेवीन: ‘आज जत्रा! मुक्ताने चिंगीला भराभरा पाला चारला. “आटप की गं चिंगे,” ती म्हणाली.’ मुक्ताची घाई त्या एका वाक्यात आली, की आनंद वेगळा सांगावा लागत नाही.

आता तो पांढरा ठिपका. सारांशात तुम्ही म्हणता की शेवटी एका धनगराच्या कळपात बरीच काळी करडं असतात आणि मुक्ता कपाळावरच्या ठिपक्यावरून चिंगीला ओळखते. म्हणजे सगळी गोष्ट त्या ठिपक्यावर उभी आहे, आणि म्हणूनच पहिल्या पानावर तो शब्दांत यायला नको. चित्रात तो अगदी मुखपृष्ठापासून असू दे, त्याबद्दल एक अक्षरही बोलू नका. शेवटच्या पानांवर मुक्ताच्या आधी मुलांनी तो शोधला पाहिजे.

मधल्या भागाचंही तसंच. मुक्ता सगळी जत्रा पालथी घालते, ‘पण चिंगी मात्र भेंड-बत्ताशांच्या दुकानामागे गोणपाट चघळत उभी असते’, असं सारांशात आहे. हे वाक्य काढाच. शब्दांनी एवढंच म्हणावं: ‘चिंगी कुठ्ठे दिसेना.’ आणि चित्रात दुकानाच्या कनातीखालून दोन काळे कान दिसावेत. ऐकणारं मूल लगेच ओरडतं, ‘ती बघ ना, तिथंय!’ मुक्ताला माहीत नसलेली गोष्ट आपल्याला माहीत आहे, हा पाच वर्षांच्या मुलासाठी फार मोठा आनंद असतो. शब्दांनी एक सांगितलं आणि चित्राने दुसरं, म्हणून तो त्याला मिळाला. ज्यांना अजून अक्षरं वाचता येत नाहीत ती मुलं चित्र विलक्षण बारकाईने वाचतात. वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे मजकुरावर असतात आणि त्याला ते कान तिसऱ्या वाचनात दिसतात.

मग चित्रकाराला सगळं सोडून द्यायचं का? नाही. चित्राला न जमणाऱ्या पुष्कळ गोष्टी शब्दांना जमतात: आवाज, वास, किती वेळ गेला ते, मनात काय आलं ते, आणि एखादं वाक्य तीनदा आल्यावर मुलं ते आपल्याबरोबर म्हणू लागतात तो ताल. तुमच्या सारांशात मुक्ता पाळणेवाल्याला, गोडीशेव विकणाऱ्या मावशींना, ढोलवाल्याला असं एकेकाला विचारत जाते. तिथे प्रश्न प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येऊ द्या. शाळेत आपण मुलांना सांगतो की तोच शब्द पुन्हा वापरू नका. लहान मुलांच्या पुस्तकात हा नियम उलटा चालतो, आणि शिक्षक-लेखकांना तो मोडणं सगळ्यात जड जातं असा माझा अनुभव आहे.

हे सगळं मी चित्रपुस्तक धरून बोलते आहे. तुमची गोष्ट दुसऱ्या वाटेनेही जाऊ शकते. आठ ते दहा वर्षांच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलांसाठी ती ठेवायची, तर १,९०० शब्द जास्त नाहीत. उलट थोडी वाढवून, चार-पाच काळी-पांढरी रेखाटनं घालून ३२ पानांचं पुस्तक होईल. तिथे वर्णनाला जागा आहे, कारण प्रत्येक पानावर चित्र नसणार. अंदाजासाठी सांगते: प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने आपल्या पुस्तकांच्या वाचनाच्या चार पातळ्या केल्या आहेत. ढोबळमानाने पहिली २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत आणि चौथी त्यापुढची. तुमची गोष्ट आज शब्दांनी चौथ्या पातळीवर आहे, पण नायिका सहा वर्षांची आणि प्रसंग दुसऱ्या पातळीचे आहेत. मुलांना बहुधा आपल्याएवढ्या किंवा आपल्याहून थोड्या मोठ्या नायक-नायिकेबद्दल वाचायला आवडतं. दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुक्ताचं पुस्तक हातात घेईलच असं नाही.

कुठली वाट घ्यायची, हे तुमच्या मनात कुठला वाचक आहे त्यावर अवलंबून आहे. मला विचाराल तर चित्रपुस्तक. लपलेलं करडू शोधण्याची गंमत डोळ्यांची आहे. ५०० ते ६०० शब्द, २४ पानं.

२४ हा आकडा छपाईतून येतो, तेही समजून घ्या. २० × ३० इंचाचा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की १६ पानं होतात. तो एक फॉर्म. कापल्यावर पान साधारण ७ × ९.५ इंचाचं राहतं, आणि मराठीत हा आकार तुम्हाला पुष्कळ चित्रपुस्तकांत दिसेल. त्यामुळे पानं १६, २४, ३२ अशी आठाच्या पटीत ठरतात. २७ पानांचं पुस्तक होत नाही.

आता घरी बसून एक काम करा. ए-फोर आकाराचे सहा कागद एकत्र मधोमध दुमडा. ही तुमची २४ पानांची डमी. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, दुसऱ्यावर प्रकाशकाची माहिती. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू करा. पुढे ४-५, ६-७ अशा समोरासमोरच्या दहा जोड्या मिळतात आणि शेवटी २४वं पान एकटं उरतं. म्हणजे तुमच्याकडे एकूण बारा चित्रं आहेत. गोष्टीचे बारा तुकडे करून पेन्सिलने त्या त्या पानावर लिहा. लगेच लक्षात येईल की घरातून निघेपर्यंतच पाच जोड्या संपल्या आणि सगळी जत्रा उरलेल्या पाचांत कोंबावी लागते आहे. संहिता फक्त पडद्यावर वाचून हे कळत नाही.

डमीत मी सगळ्यात आधी पान उलटण्याच्या जागा बघते. मूल पान उलटतं तेव्हा समोर एकदम नवं चित्र येतं, त्यामुळे जी गोष्ट अचानक कळायला हवी ती उजव्या पानावर कधीच नको. उजव्या पानाच्या शेवटी ‘मुक्ताने मागे वळून पाहिलं, तर…’ आणि पान उलटल्यावर तुटलेला कासरा हातात धरलेली मुक्ता. ‘तर चिंगी नव्हती’ असं लिहायचीसुद्धा गरज नाही. एखादी जोडी पूर्ण शब्दांशिवाय ठेवायलाही घाबरू नका. जत्रेतली गर्दी दाखवणारं दोन पानी चित्र तुमच्या पुस्तकात तसं चालेल. मुलं त्या एका पानावर पाच मिनिटं रमतील.

वर्गात मुलं रंगली हे तुम्ही लिहिलंत, ते महत्त्वाचं आहे. पण गोष्ट तुम्ही स्वतः वाचली होती. तुम्हाला ती पाठ आहे, मुलं तुमची आहेत आणि शिकवून तुमचा आवाज तयार झालेला आहे. संहितेतल्या खाचा आवाजाने भरून निघतात. नवी डमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, शक्यतो गोष्ट आधी न ऐकलेल्या माणसाच्या, आणि तुम्ही मागे बसून ऐका. वाचणारा कुठे अडखळतो, कुठलं वाक्य दोनदा वाचतो, मुलं कुठे खिडकीबाहेर बघायला लागतात, ते टिपून घ्या. ‘आवडली का?’ असं विचारू नका. बाईंना नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्यांना गोष्ट सांगायला लावा. जो प्रसंग कुणाच्याच सांगण्यात येत नाही, तो बहुतेक वेळा पुस्तकातूनही गेला तरी चालतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या परिच्छेदावरून एक शंका येते. निवेदन अगदी पाठ्यपुस्तकी आहे आणि सारांशात आजीचं एकच वाक्य आहे तेही प्रमाण भाषेत. गाव सांगली जिल्ह्यातलं आहे ना? मग आजी तिथली बोलू दे. ‘कुटं ग्येलीस गं बाय?’ हे पुण्यातल्या मुलालाही समजतं आणि सांगलीतल्या मुलाला आपल्या घरातलं कुणीतरी पुस्तकात भेटतं. निवेदन साधं, घरगुती प्रमाण मराठीत ठेवा आणि संवाद ज्याचे त्याचे. बोली सगळीकडून भरायची नाही, वाचायला शिकणाऱ्या मुलाला प्रत्येक शब्द नव्याने लावत बसावं लागता कामा नये. आणि बोली फक्त हसवण्यासाठी वापरलेली दिसली, तर मी ती संहिता परत करते.

सजावटीचं काम प्रकाशकाकडचा माणूस करील, तरी काही गोष्टी लेखकाला माहीत असाव्यात. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. लहान मुलांच्या पुस्तकात मी अक्षर २० पॉइंटच्या खाली सहसा येऊ देत नाही. वाक्य जिथे बोलताना थांबतं तिथेच ओळ तोडावी. ‘चिंगी कुठ्ठे’ एका ओळीत आणि ‘दिसेना’ दुसऱ्या ओळीत, असं झालं की वाचणाऱ्या मुलाचा श्वास तुटतो. सुरुवातीच्या वाचकांसाठी जोडाक्षरं कमी असावीत हे खरं, पण ‘जत्रा’ काढून दुसरं काही घालण्याचा अट्टाहास नको. जत्रा मुलांना आधीपासून ओळखीची आहे.

आता तुमच्या मैत्रिणीकडे वळते. मराठीत माधुरी पुरंदरेंसारख्या मोजक्याच व्यक्ती लेखन आणि चित्रं दोन्ही स्वतः करतात. त्यांना २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाचा पहिला बिग लिट्ल बुक पुरस्कार लेखनासाठी मिळाला. बाकीच्यांच्या पुस्तकात दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये संपादक असतो. चित्रपुस्तकं काढणारे बहुतेक प्रकाशक चित्रकार स्वतः निवडतात. तुम्ही बारा पूर्ण रंगीत चित्रं घेऊन गेलात आणि प्रकाशकाला गोष्ट आवडली पण चित्रं त्याच्या मालिकेत बसत नाहीत असं झालं, तर मैत्रिणीचे चार महिने वाया आणि मैत्रीवर ताण. शिवाय संहितेत एक पान बदललं की दोन चित्रं बदलतात. आमच्याकडे क्रम असा असतो: संहिता पक्की, मग छोटी कच्ची रेखाटनं, ती बघून संहितेवर पुन्हा हात, मग सगळ्या पानांची पेन्सिल-चित्रं, आणि शेवटी रंग. रेखाटनं आली की लेखकाचे शब्द जवळजवळ नेहमीच आणखी कमी होतात.

तुम्हाला जोडीनेच जायचं असेल तर जरूर जा. त्यासाठी मैत्रिणीने सगळ्या पुस्तकाची कच्ची रेखाटनं आणि फक्त दोन पूर्ण चित्रं करावीत: एक मुक्ता आणि चिंगी जवळून, एक जत्रेच्या गर्दीचं. दोन्हींत मुक्ता तीच मुलगी दिसते का, हे प्रकाशक सगळ्यात आधी बघतो. एकाच मुलीला बारा कोनांतून ओळखू येईल असं काढणं हे सुंदर चित्र काढण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे.

तिला संदर्भ मात्र भरपूर द्या. तुमच्या गावच्या जत्रेचे फोटो, पाळण्याचे, कनातींचे, गोडीशेवेच्या ढिगांचे. शेळीचेसुद्धा. शोधयंत्रात शेळी शोधली की गोऱ्यापान परदेशी शेळ्या समोर येतात. काळी, लांब कानांची उस्मानाबादी शेळी महाराष्ट्रातल्या मुलांच्या दारात असते, तीच पुस्तकात यायला हवी. एवढं दिल्यावर रंग कुठला आणि मुक्ता कुठल्या बाजूला उभी, हे तिचं तिला ठरवू द्या. लेखकाने चित्रकाराच्या खांद्यावरून बघत बसलं की चित्रं भेदरतात. चूक दाखवायची असेल तर संपादकामार्फत दाखवावी.

दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं तिने चित्रात रंगवू नयेत, वेगळ्या थरावर ठेवावीत, आणि पुस्तकातला सगळा मजकूर निव्वळ काळ्या रंगात असावा. चाररंगी छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असला, तर कन्नड किंवा हिंदी आवृत्तीसाठी तेवढी एक प्लेट बदलून बाकी तीन तशाच वापरता येतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयात, किंवा चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाच्या पुस्तकांत, तीच चित्रं अनेक भाषांत येताना दिसतात. रंगीत पुस्तकाचा मोठा खर्च चित्रांचा आणि छपाईच्या तयारीचा, तो असा वाटला जातो. एका भाषेत हजार प्रती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाला हे किती जड जातं, ते लेखकांनी समजून घेतलं पाहिजे.

त्यावरून ७५ हजारांकडे येते. माझं मत स्पष्ट आहे: या स्वरूपात देऊ नका. पैसे भरून पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. पण पैसे तुमचे असतील तर प्रकाशक तुम्ही आहात, आणि समोरचा माणूस छपाईची व सजावटीची सेवा विकतो आहे. मग व्यवहारही तसाच हवा. त्याला विचारा: संपादन कोण करणार, आणि त्याने आधी संपादन केलेली मुलांची दोन पुस्तकं दाखवता का? त्या पैशांत चित्रकाराचं मानधन आहे का? कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड? छपाईच्या अंतिम फाइल्स कुणाच्या मालकीच्या? ५०० पैकी किती प्रती वितरकाकडे जाणार आणि किती तुमच्या घरी येणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळ्या तुम्हालाच’ असं आलं, तर ती छपाई झाली, प्रकाशन नव्हे. ‘शासनमान्य ग्रंथ यादीत घालून देऊ’ असंही सांगितलं जातं. यादीत नाव आलं म्हणजे वाचनालयांनी पुस्तक घेतलंच असं होत नाही.

स्वतः काढायचं ठरवलंत तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. १९५४च्या कायद्यानुसार पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते. आणि किंमत ठरवताना लक्षात ठेवा, की वितरक आणि विक्रेता मिळून किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम कमिशनमध्ये जाऊ शकते.

प्रकाशक स्वतःच्या पैशाने काढत असेल तर लेखकाला पुष्कळदा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मानधन मिळतं, आणि चित्रपुस्तकात ते लेखक व चित्रकार यांच्यात विभागलं जातं, किंवा चित्रकाराला एकरकमी दिलं जातं. मी चित्रकारांना नेहमी दोन्ही मागायला सांगते: थोडी रक्कम आधी आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत वाटा. चित्रपुस्तकात काम सहसा चित्रकाराचं जास्त असतं.

कॉपीराइटची भीती मनातून काढा. तो ‘काढावा’ लागत नाही. लिहिल्या क्षणी तो तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झालाच तर पुरावा म्हणून उपयोगी. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. करडू हरवण्याच्या कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो, तुम्ही ती ज्या शब्दांत मांडलीत त्या शब्दांवर असतो. चोरीपेक्षा लेखक जास्त गमावतात ते न वाचता केलेल्या सहीने. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. प्रकाशकाने दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो संपतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, सर्व भाषा, सर्व माध्यमं’ अशी ओळ दिसली की तिथे थांबा आणि मुदत, भाषा, ई-बुक, ध्वनिपुस्तक यांबद्दल वेगवेगळं लिहून घ्या.

मैत्रिणीच्या बाबतीत एक कलम तुम्हाला दोघींना माहीत हवं. पैसे देऊन एखादं पेंटिंग करून घेतलं आणि करारात वेगळं काही नसेल, तर त्याचा पहिला मालक ते करून घेणारा ठरतो, असं कलम १७ म्हणतं. तुम्ही तिला मानधन दिलंत आणि काही लिहिलं नाहीत, तर तिच्या चित्रांवरून उद्या नकळत वाद उभा राहील. एक पानभर कागद करा: चित्रं तिची, या पुस्तकासाठी वापरण्याचा हक्क पुस्तकाला, मूळ चित्रं तिच्याकडे परत, आणि मुखपृष्ठावर तिचं नाव तुमच्या नावाएवढ्याच अक्षरांत.

कुठे पाठवायचं? गोष्ट म्हणून आधी मासिकात यावी असं वाटत असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे, १९७१ पासून निघतं. ‘वयम्’ आहे, धाकट्यांसाठी ‘चिकूपिकू’ आहे, साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक आहे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच चालू असते, तेव्हा गणपतीनंतर पाठवून उपयोग नाही. मासिकासाठी केलेली चित्रं आपोआप पुस्तकासाठी मिळत नाहीत, हेही आधी विचारून घ्या. चित्रपुस्तकासाठी ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या, चित्रांकडे गांभीर्याने बघणाऱ्या प्रकाशकांची यादी करा आणि त्यांची किमान पाच पुस्तकं वाचून मगच पाठवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर, जे २०१५ पासून आहे, कुणालाही गोष्ट खुली करता येते आणि ती दूरदूरच्या मुलांपर्यंत पोचते. मला तो मार्ग मनापासून आवडतो. पण तिथला खुला परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, आणि श्रेय देऊन कुणीही ती गोष्ट वापरू, भाषांतरित करू, विकूही शकतं. त्यामुळे तीच गोष्ट प्रकाशकाला एकाधिकाराने द्यायचा विचार असेल तर आधी तिथे टाकू नका.

प्रकाशकाला पाठवताना पूर्ण संहिता पानांनुसार तोडून द्या, वर शब्दसंख्या आणि वयोगट लिहा, आणि सोबत पाच-सहा ओळींचं पत्र. गोष्टीतून कोणतं मूल्य शिकायला मिळतं हे पत्रात लिहू नका. गोष्ट कुणासाठी आहे आणि तुम्ही त्या मुलांना किती जवळून ओळखता, ते लिहा. चित्राबद्दलची सूचना फक्त तिथे, जिथे चित्रात शब्दांपेक्षा वेगळं काही घडतं. तिथे कंसात एक ओळ पुरे. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवत असाल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा, कुणी रागावत नाही. उत्तर यायला काही महिने लागतात. तीन महिन्यांनी एकदा विचारायला हरकत नाही. नकारासोबत कुणी दोन ओळी कारणाच्या लिहिल्या असतील, तर ते पत्र ठेवून द्या आणि पुढची डमी करताना समोर घ्या. एवढा वेळ संपादक प्रत्येक संहितेसाठी काढत नाहीत.